रेडिओवर सांगितलेलं नाव

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ही डायरी राइस मिलची आहे. माझ्या घरच्या यायले मालकानं दिवाळीत दिली, पानं सारी कोरी होती, म्हणून मी घेतली. मी आठवीपर्यंत शिकली. शाळा सुटल्यापासून किराण्याच्या यादीशिवाय काही लिहिलं नाही. आज लिहून राहिली, कारण एक गोष्ट आठ दिवसापासून पोटात आहे आणि सांगायले कोणी नाही. सासूले सांगितलं तर ती मले घरात ठेवणार नाही.

मी पोरीचं नाव सांगून टाकलं.

आम्ही मुर्रीले राहतो. मी रिंकू, माझे हे वीरेंद्र, सासू धुरपता आणि पोरगी. पोरीले नववा महिना लागला. तिच्या आधी टिंकू झाला होता. तो अकराव्या महिन्यात गेला. आधी हातपाय सुजले, मंग बरा झाला, मंग पांढरा पडत गेला आणि एका दिवसात गेला. सासू म्हणे, कोणाची तरी नजर.

म्हणून ही झाली तेव्हा सासूनं सारं रीतीनं केलं. दाईनं लेकराले सुपात घालून उकिरड्यावर ठेवलं, फेकून दिल्यावानी. मंग सासू गेली आणि सूपभर कोंडा देऊन तिले दाईपासून घेतली. कोंड्यात घेतली म्हणून कोंडी. खरं नाव आत्यानं कानात सांगितलं. दाखल्यावर तेच आहे, पण तोंडानं कोणी म्हणायचं नाही. शिवरात्रीले नागऱ्याच्या महादेवापाशी जावळ काढलं की मंग नाव उघडं करायचं. तोवर जो कोणी न्यायले येईन, त्याले वाटलं पाहिजे का या घरात निसता कोंडाच आहे.

दिवसा घरी कोणी नसते. हे मिलमध्ये, सासू धान कापायले बांधीत. मी आणि रेडिओ. मैना एफएम, आपल्या गोंदियाचंच. सकाळी भजन, मंग नवीन गाणी, दुपारी एक ते तीन नीतू दीदीची फर्माईश. नीतू दीदी हिंदी बोलते आणि मधातच आपलं बोलते, काय वो, जेवल्या का म्हणते. मले वाटे मलेच विचारते. जेवली नसली तर मी उठून जेवून घेत होती.

मागच्या गुरुवारी माझा फोन लागला. सहा महिने लावून राहिली होती. दीदीनं विचारलं, गाना किसके लिए? मी म्हटलं, माझ्या कोंडीसाठी.

ती हसली. "कोंडी? ये कैसा नाम है ताई? खरं नाव सांगा ना, पुऱ्या गोंदियाले ऐकू द्या."

मले लाज वाटली. ती शहरातली, आणि मी कोंडी कोंडी करून राहिली. मी बी हसली आणि सांगून टाकलं. तिनं तीन वेळा म्हटलं ते नाव, गाण्यावानी. फोन ठेवून पाहते तर पोरगी जागी होती. रेडिओकडे टक लावून पाहून राहिली होती.

ते नाव मी इथं बी लिहीत नाही.

२० नोव्हेंबर, गुरुवार

चार दिवस झाले, नीतू दीदी येत नाही. एक माणूस सारखा म्हणते, मैना एफएम, अब सिर्फ गाने, नो बकबक. भजन बी गेलं. गाण्यावर गाणं. एक संपत नाही तर त्याच्या मधातच दुसरं सुरू. कोणी वेळ सांगत नाही. आधी दीदी आली की समजे एक वाजला. आता कुकरच्या शिट्ट्या मोजते.

मले आतून बरं वाटलं. दीदी गेली म्हणजे फोन बी गेला. गोंदिया विसरलं असन.

थंडी पडली. सासू म्हणे लेकराले थंड्या पाण्याची सवय लागली पाहिजे. बोरिंगवर आंघोळ घातली. संध्याकाळी कोंडीचं अंग कढत लागलं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

आज रेडिओत काय ऐकलं ते लिहून ठेवते.

अकराच्या सुमारास मी तांदूळ निवडत होती. एक गाणं संपलं आणि कोणी बाई हसली. मले वाटलं आंगणात कोणी आलं. मंग ती बाई बोलली, मी मुर्रीवरून रिंकू बोलून राहिली, आणि ते नाव घेतलं, आणि म्हणे तिच्यासाठी गाणं लावा. मी होती. माझंच हसणं. त्या दिवशीचं.

मंग तो माणूस म्हणे, मैना एफएम, गोंदिया की अपनी आवाज.

मी रेडिओ बंद केला. पण पलीकडे केवळरामच्या दुकानात रेडिओचा डबा लावून ठेवलेला राहते, तिथून आवाज येतेच. एक वाजता परत आली. तीनले परत आली. दर दोन घंट्यानं मी हसते आणि पोरीचं नाव सांगते.

सासू पाच वाजता आली. केवळरामच्या दुकानावरून, ऐकूनच आली. विळा कोपऱ्यात ठेवला, हातपाय धुतले. मंग कोंडीले माझ्या मांडीवरून उचलून घेतलं आणि आतल्या खोलीत घेऊन गेली. मीठमिरच्या ओवाळल्या, तव्यावर जाळल्या. मिरच्यांचा ठसका आला नाही, म्हणजे नजर पक्की. तवा माझ्यापुढं ठेवून एकच बोलली.

"एका लेकराचं करून झालं. आता हिचं बी करतं का?"

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

सकाळी उठली तर कोंडीचे दोन्ही हात सुजलेले. बोटं लहानशा वांग्यावानी तट्ट. हात लावला की किंचाळते. टिंकूचे असेच होते.

३ डिसेंबर, बुधवार

यायले सांगितलं सारं. ते म्हणाले, कंपुटर आहे तो, भूत नाही, जाहिरातीवानी लावून ठेवलं. आणि झोपून गेले. मिलमध्ये सध्या डबल पाळी आहे. मिलच्या आवाजात त्यायले काही ऐकू येत नाही, म्हणून भ्यायची बी गरज नाही.

सूज उतरून राहिली. पण गावची आशा वर्कर सुशिलाबाई आली, तिनं कोंडीच्या डोळ्याची पापणी खाली ओढून पाहिली, नखं पाहिली. म्हणे रक्त तपासा. आंगणवाडीत रक्त तपासायची गाडी आली होती, तिथं नेलं. मी नाही म्हणत होती. सुशिलाबाई म्हणे, "टिंकूच्या वेळी बी मी तीन चक्करा मारल्या होत्या, तुम्ही भगताकडे गेल्या. या वेळी मी घेऊनच जाते."

तिथल्या पोरीनं दाखला पाहून चिठ्ठीवर ते नाव लिहिलं. मोठ्यानं वाचलं बी. मी कोंडीचे कान झाकले. रिपोर्ट गोंदियाच्या मोठ्या दवाखान्यात भेटन, महिन्याच्या शेवटी.

रक्तात काय दिसणार आहे? नाव तर हवेत फिरून राहिलं.

९ डिसेंबर, मंगळवार

आज मी मैना एफएमच्या हापिसात गेली. घरी सांगितलं, बाजारात जाते. कोंडीले दुपट्ट्यात बांधलं आणि ऑटोनं गेली.

साड्यांच्या दुकानावर तिसरा माळा आहे. मले वाटलं होतं तिथं लय माणसं असतीन, माइक असतीन. जिन्यावर धूळ. वर एकच माणूस, मुन्नालाल, स्टुलावर बसून तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटून राहिला होता. मी म्हटलं साहेबाले भेटायचं आहे.

"कोई नहीं बैठता ताई. इंदौर से चलता है सब. मेरा काम बस एसी चालू रखना. कंप्यूटर गरम नहीं होना चाहिए."

त्यानं काच दाखवली. काचेच्या पलीकडं अंधारी खोली. खुर्च्या टेबलावर उलट्या करून ठेवलेल्या. एक कंपुटर, त्याच्यावर हिरवी रेघ हालत होती. आत एक माणूस नाही आणि गाणं सुरू. मी काचेपाशी उभी राहिली तेवढ्यात गाणं संपलं आणि मी हसली. म्हणजे तिथून हसली. माझ्या हसण्यासंग ती हिरवी रेघ उड्या मारत होती. मी तोंडावर हात ठेवून पाहिला. माझं तोंड बंद होतं.

मुन्नालालनं माझ्याकडे पाहिलं, मंग काचेकडे, मंग परत माझ्याकडे. खुश झाला. म्हणे, "अरे, तुम ही हो वो हँसने वाली ताई? मैं रोज सुनता हूँ." मंग दुपट्टा बाजूला करून कोंडीकडे पाहिलं आणि तिले त्या नावानं हाक मारली.

आणि कोंडी हसली त्याले पाहून. तिले ते नाव कोणी सांगितलं होतं?

मी म्हटलं, बंद करा दादा ते, हात जोडते. तो म्हणे मेरे पास तो चाबी भी नहीं है. बिचाऱ्यानं नीतू दीदीचा पत्ता लिहून दिला. उतरताना म्हणे, बुरा मत मानना, अकेला बैठता हूँ, तुम्हारी हँसी आती है तो अच्छा लगता है.

१५ डिसेंबर, सोमवार

सकाळी सासूनं भजनासाठी रेडिओ लावला. भजन तर बंद झालं, पण तिले वाटते आज येईन. आणि नीतू दीदीचा आवाज आला. नमस्कार गोंदिया, काय वो, जेवल्या का? सकाळचे सात वाजले होते.

माझ्या डोळ्यात पाणी आलं. मले वाटलं आली दीदी, आता तिले सांगता येईन. तेवढ्यात ती म्हणे, मुर्रीच्या रिंकूताई, कशी आहे तुमची, आणि नाव घेतलं. आणि थांबली. जसं मी उत्तर देईन म्हणून थांबली. मंग म्हणे, अरे वा, लय मस्त, आणि गाणं लावलं.

मी काही बोलली नव्हती. मांडीवर कोंडी तापानं फणफणत होती.

पत्ता होता जवळ. कोंडीले सासूपाशी ठेवून दुपारीच गेली. रेल्वे लाइनीच्या बाजूले दोन खोल्या. दार उघडलं एका बारक्या पोरीनं, माझ्याच वयाची, मटार सोलता सोलता उठलेली. मी म्हटलं, नीतू दीदीकडे आली. ती म्हणे मीच. आणि आतल्या खोलीत रेडिओवर नीतू दीदी बोलून राहिली होती.

मी उंबरठ्यावरच उभी राहिली. एक नीतू माझ्यापुढं चूप आणि एक नीतू आतमध्ये हसून राहिली. तिनं मले बसवलं, पाणी दिलं. म्हणे, कामावरून काढायच्या आधी तीन दिवस मले खोलीत बसवून लय वाचून घेतलं, बातम्या, बारशाची पत्रिका, लहान पोरांच्या गोष्टी, आकडे. मले वाटलं नवीन कार्यक्रम येऊन राहिला. तो मीच होती, त्यायनं माझा आवाज भरून घेतला, आता तो मशीनमध्ये आपल्या मनानं बोलते.

मी विचारलं, आपल्या मनानं कसा बोलन? ती म्हणे, ते मले बी नाही समजलं ताई.

मी तिले सारं सांगितलं, सूप, कोंडा, टिंकू. ती मटार सोलायची थांबली. हळू बोलली, रेडिओवर बोलते तशी नाही, घसा बसल्यावानी.

"मी तुम्हाले नाव विचारायले नाही पाहिजे होतं. पण मले बी आता कोणी विचारत नाही. माझी आई आतमध्ये बसली आहे, रेडिओ ऐकून राहिली. मी बाजूले जाऊन बोलली तर म्हणते, चूप बस, नीतूचा कार्यक्रम सुरू आहे."

इंदौरच्या नंबरवर तिनं माझ्यापुढं फोन लावला. पलीकडून तिच्याच आवाजात कोणी म्हणे, मैना एफएम में आपका स्वागत है, एक दबाइए. तिनं कापून टाकला.

२२ डिसेंबर, सोमवार

हे लिहू का नाही, विचार करून राहिली. वेडी म्हणतीन.

आता रेडिओवर दुपारी फर्माईश परत सुरू झाली. पण फोन कोणीच लावत नाही, तो नंबर लागतच नाही. तरी बाया बोलतात, माणसं बोलतात. आज मी पाठ करून भांडी घासत होती. नीतूच्या आवाजानं विचारलं, कौन बोल रहे हैं? आणि मी बोलली. मी मुर्रीवरून रिंकू बोलून राहिली. इथपर्यंत जुनंच. मंग नीतू म्हणे, काय करून राहिली तुमची लाडकी? आणि मी म्हटलं, तिचं नाव घेऊन म्हटलं, आता चूप झोपली आहे दीदी, आता रडत नाही.

हे मी कधी बोलली नाही. देवाशप्पथ बोलली नाही. पण आवाज माझा. 'दीदी' म्हणायची रीत बी माझी.

मी वळून पाहिलं. कोंडी झोपली नव्हती. रांगत रेडिओकडे जाऊन राहिली होती. मी म्हटलं, कोंडी, इकडे ये. नाही वळली. कोंडी, ए कोंडी, मायकडे ये. ती रेडिओपाशी गेली, जाळीले तोंड लावलं आणि हसली. रेडिओतल्या मीनं परत नाव घेतलं, तशी टाळ्या पिटायले लागली.

माझ्याजवळ ती तेव्हा येते जेव्हा भूक लागते. त्या दुसरीजवळ निसतीच गेली.

मी सेल काढून बोरिंगच्या मागं गाडून टाकले. तरी केवळरामचा डबा वाजला की ती मान रस्त्याकडे वळवते. सासूनं केवळरामले सांगितलं बंद कर म्हणून. तो म्हणे, काकू, तुमच्याच सुनेचं नाव येते, मुर्रीचं नाव होऊन राहिलं, बंद काऊन करू?

३० डिसेंबर, मंगळवार

दवाखान्यात जाऊन आली. सुशिलाबाईनं गाडीभाडं दिलं, ती स्वतः येणार होती पण तिची मीटिंग निघाली. रिपोर्ट घ्यायचा होता. बाकावर तीन घंटे बसली. लय गर्दी. कोंडी खांद्यावर पडून होती, हलकी लागत होती.

वर भिंतीले भोंगा आहे. त्याच्यातून नावं येतात. आधी टन् वाजते, मंग नाव, मंग खिडकीचा नंबर. पुकारणारी बाई कुठं दिसत नाही. खिडकीतल्या माणसाचं तोंड तर बंद होतं, मी पाहिलं. मंग टन् वाजलं आणि त्या आवाजानं माझ्या पोरीचं नाव घेतलं. खिडकी नंबर चार. सारं दालन ऐकून राहिलं. कोंडीनं खांद्यावरून मान उचलली आणि भोंग्याकडे पाहिलं.

मी नाही उठली. माय सांगे, ज्याचं तोंड दिसत नाही त्याच्या हाकेले ओ द्यायची नाही, ओ दिली की तो संग येते. परत टन् वाजलं. परत नाव. मी दुपट्टा तिच्या डोक्यावरून ओढला आणि उठून बाहेर आली. फाटकापर्यंत मागं नाही पाहिलं.

सासूले सांगितलं. ती म्हणे, बरं केलं. किती दिवसानंतर ती मले बरं बोलली. मंग तिनं माझ्या ताटात भात वाढला.

सुशिलाबाईले सांगितलं, रिपोर्ट भेटला, काही नाही निघालं.

५ जानेवारी, सोमवार

वर्ष सरलं. आता या डायरीच्या सुरुवातीच्या जुन्या पानांवर वार खोडून लिहून राहिली.

चांगलं झालं. मैना एफएम परत बदललं. कालपासून दिवसभर भजन आणि आरत्या, मैना भक्ती म्हणतात. नीतू बी नाही आणि मी बी नाही. केवळराम म्हणे, फर्माईश बंदच केली त्यायनं. सासूनं अगरबत्ती लावली आणि रेडिओपुढं हात जोडले. नवीन सेल आणले.

कोंडी बी सुधारली. हात सुजत नाही. आधी लय रडे, आता रडत नाही. ठेवलं तिथं पडून राहते. दूध थोडंच घेते पण किरकिर नाही. गोरी झाली पोरगी, तळहात पाहा तर पांढरेफटक, सासू म्हणे तिच्या बापावानी रंग उघडून राहिला. पोट बी भरलं, डाव्या अंगाले टणक लागते. आता शिवरात्र निघाली का झालं.

मले वाटते सुटलो आम्ही. कितीतरी दिवसानंतर मी दुपारी झोपली.

१० जानेवारी, शनिवार

दवाखान्यात आहे. खाट नंबर अकरा. डायरी यायनं घरून आणून दिली, मी मागितली. लिहिलं नाही तर मले वाटन झालंच नाही.

गुरुवारी दहाच्या सुमारास मी कोंडीले दूध पाजायले उचललं. मान मागं पडली. ओठ धुतलेल्या तांदळावानी. पोट फुगलेलं, दगडावानी. मले टिंकूचा तो दिवस दिसला, तसाच्या तसा, फक्त त्याच्या जागी ही. रेडिओवर आरती सुरू होती. कोणी तिचं नाव घेतलं नव्हतं. चार दिवसापासून कोणीच घेतलं नव्हतं. मंग हे कोण करून राहिलं?

सासूनं मीठमिरच्या हातात घेतल्या होत्या. मी तिचा हात धरला. आजपर्यंत कधी धरला नव्हता. म्हटलं, नाही माय, आता नाही. ती बसून गेली खालीच.

मी पळत सुशिलाबाईकडे. तिनं पोरीले पाहिलं, पायात चप्पल घातली नाही, रस्त्यावर जाऊन ऑटोपुढं उभी राहिली. दवाखान्यात तिनं खिडकीत पोरीचं नाव ओरडून सांगितलं, सगळ्यायपुढं. माणसानं गठ्ठ्यातून लाल रेघेचा कागद काढला. म्हणे, हा तर तीस तारखेपासून पडून आहे, दोन वेळा पुकारलं, कोणी आलं नाही.

सुशिलाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी तिले खोटं सांगितलं होतं.

"मी होती जी इथं," मी म्हटलं. "ऐकलं होतं."

ती कागद घेऊन पुढं पळाली.

डॉक्टरबाईनं काल समजावून सांगितलं. सिकलसेल. मायच्या आणि बापाच्या, दोघांच्या रक्तातून येते. थंडी लागली का हातपाय सुजतात. पोटात एक गाठ असते, तिच्यात सारं रक्त जमा होते आणि लेकरू पांढरं पडते. आधीचं लेकरू बी यातच गेलं असन, म्हणे. औषध रोज चालन, कागद जपून ठेवा, पांढरी पडली का घरी बसायचं नाही. मी विचारलं, नावानं नाही होत? तिले समजलं नाही मी काय विचारलं. म्हणे, कोणत्या नावानं? यायनं खाली पाहिलं. त्यायनं एक बाटली रक्त दिलं होतं, दंडाले कापूस चिकटवलेला. टिंकू आमच्यामुळं गेला. हे वाक्य मी लिहिलं आणि थोडा वेळ बाहेर जाऊन बसली.

पण त्याच्या आधीचं लिहायचं आहे. गुरुवारचंच.

तिले नळी लावली होती आणि वर रक्ताची पिशवी लटकवली होती. डोळे मिटलेले. सिस्टर म्हणे, हिले झोपू देऊ नको, हाक मार, माय आहे ना तू? मी हाक मारली. कोंडी. ए कोंडी. पापणी हालली नाही. सिस्टर म्हणे जोरानं. मी जोरानं मारली, बाजूच्या खाटेवरच्या बाया पाहायले लागल्या. कोंडी, ऊठ ना वो, कोंडी. काहीच नाही.

मले माहीत होतं ती कोणत्या नावाले पाहते. दीड महिना त्या दुसरीनं तिले माझ्याच आवाजात शिकवलं होतं. मी सुपाचा विचार केला, दाईचा, टिंकूचा, सासूचा. मंग खाली वाकली आणि म्हटलं, प्रेरणा.

तिनं डोळे उघडले.

माझ्याकडे नाही पाहिलं. मान हळूच वळवली, इथं बी भिंतीवर भोंगा आहे, त्याच्याकडे पाहिलं, मंग खिडकीकडे, जिथून रस्त्याचा आवाज येतो तिकडे. आवाज कुठून आला ते शोधून राहिली होती. मी तिच्या इतक्या जवळ होती का माझा श्वास तिच्या गालाले लागत होता, आणि ती मले सोडून भिंत शोधत होती.

मी तिचा मोकळा हात उचलून माझ्या ओठावर ठेवला आणि परत म्हटलं. प्रेरणा. बोटं थंड होती, त्यायच्याखाली माझे ओठ हालले. परत म्हटलं. हसायचं ठरवलं नव्हतं, ते बी आलं मधातच, रडण्यासंग. प्रेरणा, प्रेरणा. किती वेळा म्हटलं ते ठाऊक नाही. वरून रक्त थेंब थेंब उतरून राहिलं होतं. तिची बोटं माझ्या ओठावर चाचपून राहिली होती. मंग तिनं भिंतीवरची नजर काढली आणि माझ्या तोंडाकडे पाहायले लागली.